छायाचित्रण व संमती

एखाद्या व्यक्तीचे छायाचित्र घेण्यास व ते प्रसिद्ध करण्यास त्या व्यक्तीने दिलेली अनुमती, तसेच त्या अनुमतीविषयीचे कायदे व संकेत यांचा विचार या विषयात केला जातो. येथे वस्तुतः दोन अनुमती असतात. छायाचित्र घेऊ देणे ही पहिली आणि ते लोकांपुढे मांडू देणे ही दुसरी. रोगी, बंदिवान, अत्याचारपीडित स्त्रिया, अनाथ मुले, वेश्याव्यवसायातील स्त्रिया, दुष्काळग्रस्त व विस्थापित यांच्या माहितीपर छायाचित्रणात या दोहोंमधील अंतर फार मोठे असते; कारण कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास नकार न देणारा मनुष्य आपले चित्र कोठे, कोणत्या मथळ्याखाली आणि किती वर्षे पाहिले जाणार आहे, हे सहसा जाणत नसतो. महाराष्ट्रात हा प्रश्न मुंबईच्या आरंभीच्या छायाचित्रणापासून पनवेल परिसरातील नृत्यबारविषयक वादापर्यंत वेगवेगळ्या रूपांत उभा राहिलेला दिसतो.

भारतातील पहिल्या छायाचित्रण संस्थांपैकी एक असलेली ‘बाँबे फोटोग्राफिक सोसायटी’ १८५४ मध्ये स्थापन झाली आणि पुढील वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही संस्थेचे सभासद होते. नारायण दाजींनी मुंबईतील विविध जातिजमातींची व व्यावसायिकांची छायाचित्रे घेतली, तर भाऊ दाजींनी कुष्ठरोगावरील उपचारांचा दीर्घकाळ शोध घेतला. कॅमेरा आणि कुष्ठरोग या दोहोंचे कुतूहल एकाच घरात नांदावे, हा योगायोग लक्षणीय आहे. याच संस्थेशी निगडित असलेल्या विल्यम जॉन्सन याने मुंबईतील जातिजमातींविषयीचा सचित्र ग्रंथ दोन भागांत (१८६३ व १८६६) प्रसिद्ध केला. त्यात चित्रशाळेत घेतलेल्या माणसांच्या आकृती कापून दुसऱ्याच स्थळांच्या पार्श्वभूमीवर बसविल्या आहेत. ज्या जागी माणूस कधी उभा राहिला नव्हता, त्या जागी तो उभा असल्याचे वाचकास दिसते. आकृती व तिचा संदर्भ यांची ही फारकत, म्हणजे संमतीच्या प्रश्नाचे मूळच, मराठी मुलखात इतक्या आरंभी आढळते. पुढे शासनाच्या पुढाकाराने निघालेल्या द पीपल ऑफ इंडिया या ग्रंथाच्या आठ खंडांत (१८६८–७५) माणसे प्रामुख्याने जमातींचे नमुने म्हणूनच आली. नमुन्याची अनुमती घ्यावी, अशी कल्पना त्या काळी रूढ नव्हती.

१८७६–७८ च्या दुष्काळाची झळ सोलापूर, पुणे आदी दख्खनच्या जिल्ह्यांस व मद्रास इलाख्यास बसली. मद्रास इलाख्यात विलोबी वॉलेस हूपर या सैनिकी अधिकाऱ्याने उपासमारीने अस्थिपंजर झालेल्या कुटुंबांना ओळीने बसवून त्यांची छायाचित्रे घेतली. याच हूपरवर पुढे १८८६ मध्ये मंडाले येथे गोळ्या घालून दिल्या जाणाऱ्या देहदंडाचे चित्र नेमक्या क्षणी मिळावे म्हणून ती क्रिया लांबविल्याचा आरोप झाला व त्याची चौकशी झाली. दुःखाच्या छायाचित्रणाविषयी सार्वजनिक आक्षेप उमटल्याचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. त्या चौकशीत प्रश्न विचारला गेला तो मात्र छायाचित्रकाराच्या सभ्यतेविषयी. समोरच्या माणसांच्या इच्छेविषयी नव्हे.

मुंबईत १८९६ मध्ये प्लेगची साथ उद्‌भवली आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगविषयक कायदा संमत झाला. घरांची झडती, रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेणे, त्यांच्या आप्तांना विलगीकरण छावणीत ठेवणे, प्रवाशांची शरीरतपासणी हे सर्व त्याच्या आधारे घडले. पुण्यात याच उपायांनी लोकक्षोभ भडकून २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईतील प्लेग समितीच्या कामाची छायाचित्रे कॅप्टन सी. मॉस याने घेतली असून त्यांचे संग्रह आजही उपलब्ध आहेत. त्यांत रुग्णालयांतील खाटा, धुऊन काढलेली घरे, छावण्यांतील झोपड्या दिसतात. चित्राखाली स्थळ व चाललेली क्रिया सांगितलेली असते. रोगी मात्र बहुधा निनावीच राहतो. परपुरुषाने नाडी पाहावी याचाही ज्या घरांत संकोच होता, त्या घरांतील माणसे अशा रीतीने कायमची चित्रबद्ध झाली. अर्थात, या संग्रहांवाचून त्या साथीचे दृश्य ज्ञान आजच्या इतिहासकारास झाले नसते, हेही तितकेच खरे. विषयाची सारी अडचण या दोन विधानांत सामावलेली आहे.

पोलिसी छायाचित्रणाचा मार्ग याहून सरळ होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींची नोंदणी करण्याची तरतूद केली आणि १९२० च्या बंदिवान ओळख कायद्याने शिक्षा झालेल्या, तसेच विशिष्ट परिस्थितीत केवळ अटक झालेल्या व्यक्तींची मापे व छायाचित्रे घेण्याचा अधिकार दिला. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द होऊन त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या; १९२० च्या कायद्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. येथे संमती अपेक्षितच नसते. पोलिसांकडील असे छायाचित्र वृत्तपत्राच्या हाती जाते, तेव्हा मात्र एका कारणासाठी सक्तीने घेतलेले चित्र दुसऱ्याच कारणासाठी वापरले जाते.

पाश्चात्त्य देशांत लेखी संमतीपत्राचा उगम दुःखितांच्या छायाचित्रांतून नव्हे, तर जाहिरातीतून झाला. न्यूयॉर्क राज्यातील एका तरुणीचे छायाचित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीच्या सुमारे २५,००० प्रतींवर छापले गेले. १९०२ मध्ये तेथील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. त्यावर इतकी टीका झाली की, दुसऱ्याच वर्षी विधिमंडळाने जाहिरातीसाठी वा व्यापारासाठी व्यक्तीचे चित्र वापरण्यास लेखी संमती आवश्यक करणारा कायदा केला. जर्मनीत बिस्मार्कच्या मृतदेहाचे चोरून घेतलेले छायाचित्र (१८९८) वादास कारण झाले आणि १९०७ च्या कायद्याने व्यक्तीचा स्वतःच्या प्रतिमेवरील हक्क मान्य केला. छायाचित्रकारांच्या बाडात आज असणारा छापील नमुना हा मुख्यतः अमेरिकेतील त्या जाहिरात-कायद्याचा वारस आहे. म्हणूनच त्यात मोबदला व वापराचे हक्क यांची भाषा अधिक आणि चित्रित व्यक्तीच्या सुरक्षिततेची भाषा अत्यल्प असते.

चित्रित व्यक्तीनेच अटी घालाव्यात, याचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रातील आहे. सेवाग्राम येथे महात्मा गांधींचे चुलत नातू कनू गांधी यांना छायाचित्रे घेण्याची अनुमती मिळाली ती तीन अटींवर : प्रकाशझोत वापरायचा नाही, गांधीजी चित्रासाठी मुद्दाम बसणार वा उभे राहणार नाहीत आणि खर्चाचा भार आश्रमावर पडणार नाही. १९४६ मध्ये मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन छायाचित्रकर्तीस चरखा चालविणाऱ्या गांधीजींचे चित्र हवे होते. तिला आधी सूतकताईचा परिचय करून घ्यावा लागला व प्रकाशझोताचे केवळ तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली. अटी घालण्याचे हे सामर्थ्य अर्थातच गांधीजींच्या स्थानातून आले होते. सेवाग्राममध्येच कुष्ठरोगग्रस्त संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा करताना गांधीजींची घेतलेली छायाचित्रे पुढे कुष्ठकार्याच्या प्रचारात सर्वत्र वापरली गेली. परचुरे शास्त्री हे येरवड्याच्या कारागृहातील गांधीजींचे सहबंदी, स्वतःचे नाव व विद्वत्ता असलेले गृहस्थ होते. त्यांच्या चित्राखाली त्यांचे नाव असते. इतर असंख्य कुष्ठरोग्यांच्या चित्रांखाली रोगाचे नाव असते, आणि हा भेद लहान नव्हे.

कुष्ठरोग हे या विषयातील कदाचित सर्वांत बोधक क्षेत्र आहे. मुंबईत माटुंगा येथे १८९० मध्ये महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने कुष्ठाश्रम निघाला; १८९८ च्या कायद्याने निराधार कुष्ठरोग्यांना पकडून आश्रमात ठेवण्याचा अधिकार शासनास दिला व तो कायदा २०१६ पर्यंत केंद्रीय विधिसंग्रहात राहिला. वर्ध्याजवळील दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोड्याचे आनंदवन (१९४९) या संस्थांनी रोग्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. पनवेल तालुक्यात माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी नेरे येथे असलेले कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन हेही याच परंपरेतील. सिडकोने वसविलेल्या नवीन पनवेलपासून ते फार दूर नाही.

अशा कोणत्याही संस्थेस देणग्यांवर अवलंबून राहावे लागते आणि देणगीदारास पाझर फोडण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे झडलेल्या बोटांचे छायाचित्र. वैद्यकीय ग्रंथातील चित्र निदानासाठी असते व त्यात चेहरा झाकता येतो. निधिसंकलनाच्या पत्रकात चेहराच हवा असतो. रोगी ज्या छपराखाली राहतो व ज्या डॉक्टरकडून औषध घेतो, त्यांनीच चित्रास संमती मागितली तर नकार देणे त्याला कितपत शक्य असते? १८७२ च्या भारतीय संविदा कायद्याच्या १६ व्या कलमात अनुचित प्रभावाची जी व्याख्या आहे, ती सावकार व ऋणको किंवा डॉक्टर व रोगी यांच्या नात्यास जशी लागू पडते, तशीच या नात्यासही लागू पडावी. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली व त्यानंतर कुष्ठरोग काही महिन्यांच्या उपचाराने बरा होऊ लागला. बरा झालेला मनुष्य गावी परततो, मुलीचे लग्न जमवू पाहतो. पण त्याचे जुने छायाचित्र एखाद्या पत्रकात, दिनदर्शिकेवर वा प्रदर्शनाच्या फलकावर तसेच राहते. मुदत नसलेली संमती घेण्यातील दोष येथे उघड होतो. आधुनिक काळात अनेक संस्थांनी रोग्याऐवजी त्याचे काम, त्याने विणलेले कापड वा पिकविलेली शेती दाखविण्याचा प्रघात पाडला, तो यामुळेच.

स्त्रियांच्या संदर्भात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. मुंबईतील फॉकलंड रोडवरील (आताचा पठ्ठे बापूराव मार्ग) वेश्यावस्तीत मेरी एलन मार्क या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९७८–७९ मध्ये काही महिने काम केले व १९८१ मध्ये तिचा रंगीत छायाचित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. प्रारंभी तेथील स्त्रियांनी तिच्यावर पाणी व केरकचरा फेकला. पुढे काहींनी तिला घरात घेतले. स्नेह जोडल्यावाचून मिळू न शकणारी ही चित्रे आहेत, याविषयी दुमत नाही. परंतु त्यांत अल्पवयीन मुलींचेही चेहरे आहेत, आणि न्यूयॉर्कमध्ये छापलेला महागडा ग्रंथ त्या चेहऱ्यांच्या धन्यांपर्यंत पोहोचण्याचा संभव नव्हता. स्नेह ही संमती नव्हे, हा आक्षेप या ग्रंथावर घेता येतो व तो खोडून काढणे कठीण आहे. याउलट, मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची दीर्घकाळ छायाचित्रे घेणारे सुधारक ओलवे (पद्मश्री, २०१६) यांचे काम त्याच शहरात, त्याच भाषेत व त्या कामगारांमध्ये पुनःपुन्हा जाऊन झाले. अशा कामात काढलेले चित्र दाखविणे व त्यावर बोलणे ऐकणे, ही संमतीचीच पुढची पायरी ठरते.

भारतीय कायद्यात सार्वजनिक जागी व्यक्तीचे छायाचित्र घेण्यास सर्वसाधारण मनाई नाही व लेखी संमतीची सर्वसाधारण सक्तीही नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार छायाचित्राचा कर्ता ते घेणारा असतो. चित्रित व्यक्तीस प्रताधिकार नसतो. तिचे संरक्षण होते ते विशेष कायद्यांनी व न्यायनिर्णयांनी. देसाईगंज (सध्याचा गडचिरोली जिल्हा) येथील पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपींना निर्दोष ठरविले. त्यानंतर उसळलेल्या आंदोलनातून १९८३ ची फौजदारी कायद्याची दुरुस्ती आली व भारतीय दंडसंहितेत २२८ अ हे कलम समाविष्ट झाले. त्याने बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेस पात्र असा गुन्हा ठरला. पीडितेने स्वतः लेखी अनुमती दिली तर अपवाद. १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. लैंगिक अपराधांस बळी पडलेली बालके (२०१२), बाल न्याय प्रक्रियेतील मुले (२०१५) आणि उपचार घेणारे मनोरुग्ण (२०१७) यांच्या छायाचित्रांविषयी स्वतंत्र निर्बंध आहेत.

बंदिवानांविषयी महत्त्वाचा निर्णय महाराष्ट्रातूनच निर्माण झाला. पत्रकार शीला बारसे यांना राज्यातील कारागृहांतील स्त्री-बंदिवानांच्या मुलाखती घेण्यास दिलेली परवानगी शासनाने काढून घेतली. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मुलाखतींस मर्यादित मोकळीक दिली. मात्र बंदिवानाची स्वतःची तयारी असली पाहिजे व ध्वनिमुद्रणास खास परवानगी लागेल, असे ठरविले. कारागृहाच्या अधिकाऱ्याची परवानगी आणि बंदिवानाची संमती या दोन पृथक् गोष्टी आहेत. हे तत्त्व वसतिगृहे, रुग्णालये, अनाथाश्रम यांनाही लागू करण्याजोगे आहे. प्रत्यक्षात अधीक्षकाची सही मिळाली की काम झाले, असा समज अद्याप प्रचलित आहे.

पनवेलचा या इतिहासातील दुसरा संबंध नृत्यबारशी आहे. मुंबई–पुणे व मुंबई–गोवा हे मार्ग जेथे फुटतात, त्या परिसरात अनेक नृत्यबार चालत. पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत हा प्रश्न लक्षवेधी सूचनेद्वारे मांडला आणि त्यास उत्तर देताना उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील यांनी मार्च २००५ मध्ये बंदीचा मनोदय जाहीर केला. ऑगस्ट २००५ मध्ये बंदी अमलात आली. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी ती घटनाबाह्य ठरविली. या सर्व काळात छाप्यांच्या बातम्यांबरोबर येणारे, चेहऱ्यावर ओढणी घेऊन भिंतीकडे तोंड करून बसलेल्या स्त्रियांचे छायाचित्र वाचकांच्या इतके परिचयाचे झाले की, त्या ओढणीचा अर्थच कोणी वाचीनासे झाले. ती ओढणी म्हणजे स्पष्ट नकार होता. बारबंदीच्या बाजूने व विरोधात लिहिणाऱ्या दोन्ही पक्षांनी हीच चित्रे वापरली, हे विशेष.

पुढील संघर्ष प्रत्यक्ष कॅमेऱ्यावरूनच झाला. बारमधील दृश्ये थेट पोलिसांकडे जावीत ही परवान्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये बदलली. त्याच वर्षीच्या नव्या राज्य कायद्याने नृत्यकक्षात कॅमेरे बसविण्याची सक्ती केली; १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायालयाने ती एकांततेच्या हक्काचा भंग करणारी म्हणून रद्दबातल केली. त्याचा आधार होता २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यातील नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय. १९ मे २०२२ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने छापे, अटक व सुटका यांच्या वेळी वेश्याव्यवसायातील स्त्रियांची ओळख वा छायाचित्र प्रसिद्ध न करण्याविषयी प्रसारमाध्यमांनी दक्षता घ्यावी असे बजावले. ओढणी ओढून घेणाऱ्या स्त्रीचा नकार ऐकला जाण्यास अशी सुमारे सतरा वर्षे गेली.

प्रसिद्धीनंतरच्या परिणामांचे एक उदाहरण मालेगावचे आहे. २००२ च्या गुजरात दंगलीत हात जोडून जिवाची याचना करणाऱ्या अहमदाबादच्या एका शिंप्याचे छायाचित्र जगभर पोहोचले. तो बहिणीकडे मालेगावला येऊन राहिला असता तेथेही चेहरा ओळखला गेल्याने त्याचे काम सुटले. वार्ताचित्रणात आगाऊ संमती घेणे अशक्य असते. या चित्रामुळे तेव्हा मदत मिळण्यास साहाय्यही झाले. परंतु घटनेनंतरच्या वर्षांत तेच चित्र प्रचारफलकांवर व पत्रकांवर वापरणाऱ्यांना ती सबब उरत नाही.

मराठीत ज्यास सामान्यतः ‘संमतीपत्र’ म्हणतात, त्या लेखाचे मूल्य त्याच्या शब्दांवर जितके, तितकेच ते घेण्याच्या रीतीवर अवलंबून असते. संविदा कायद्याच्या १३ व्या कलमानुसार उभयपक्षांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती होय. इंग्रजी छापील नमुन्याखाली घेतलेली ‘निशाणी डावे हाताचा अंगठा’ ही या कसोटीस क्वचितच उतरेल. दस्तऐवज लिहिणाऱ्या जुन्या लेखनिकांचा ‘मजकूर वाचून दाखविला, तो समजला व मान्य आहे’ हा शेरा आणि त्याखाली साक्षीदाराची सही, ही पद्धत येथे अधिक उपयुक्त आहे. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो (प्रिव्ही कौन्सिल, १९०३), म्हणून मुलांच्या बाबतीत पालकाची सही लागते. मात्र कायद्याने ओळख उघड करण्यास मनाई केली असेल, तेथे पालकाच्या सहीनेही तो मार्ग मोकळा होत नाही. पत्रात चित्राचा हेतू, प्रसिद्धीचे ठिकाण, मुदत, नाव द्यावयाचे की नाही आणि संमती परत घेण्याची सोय यांचा उल्लेख असावा. रोख मोबदला देण्याविषयी मतभेद आहेत. जाहिरातीत तो न्याय्य ठरतो; भुकेल्या माणसास चित्राआधी पैसे दाखविणे मात्र संमती विकत घेण्यासारखेच होय.

२०२३ च्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्वक व असंदिग्ध असावी असे म्हटले असून, ती देणे जितके सोपे तितकेच परत घेणेही सोपे असावे असे ठरविले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होण्याची व्यवस्था केली गेली. संशोधन व अभिलेखसंग्रह यांना काही अटींवर सूट आहे. पत्रकारितेस तशी स्पष्ट सूट नसल्याने वृत्तपत्रसंघटनांनी आक्षेप घेतले आहेत. आधी प्रसिद्ध झालेल्या चित्राच्या प्रती असंख्य ठिकाणी साठविलेल्या असताना संमती परत घेण्याचा अर्थ काय, याचा न्यायनिवाडा पुढील काळातच होईल.